फेरागोस्तोच्या दिवशीचा उपवास

पाद्री डोन चेल्सोंचं देवळातलं बोलणं कधी सुरात शिरे, ते समुद्रकाठच्या वियारेज्जोत कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. सुरुवातीला साधं बोलणं असे: गावातली भांडणं, बर्फवाल्याचा मोडलेला पाय, कुणाची तरी हरवलेली कोंबडी. मग येशूच्या आईचं, मारियेचं नाव यायचं. शब्दाच्या शेवटी एक लहानसा हेल लागायचा, हेलाची ओळ व्हायची, आणि बघता बघता उत्तररंग रंगायला लागायचा. आज तर तिचाच सण. पंधरा ऑगस्ट, फेरागोस्तो. मारिया माउली सदेह स्वर्गात गेली तो दिवस.

"देह टाकून नाही गेली!" डोन चेल्सो गात होते. "हाडामांसाची गेली! चुलीपुढे वाकून दुखणारी कंबर घेऊन गेली! धुण्यानं सोललेले हात घेऊन गेली! आणि जड झाली का? नाही! पिसासारखी, लेकरांनो, पिसासारखी!"

तिसऱ्या बाकावर एर्सीलिया मेल्लोनी डोळे पुसत होती आणि घामाने निथळत होती. डोळे भरले होते डोन चेल्सोंमुळे. घाम येत होता पोहण्याच्या पोशाखामुळे.

विधवेच्या काळ्या झग्याच्या आत तिने तो घातला होता. निळा, लोकरीचा, खांद्याला पट्टे असलेला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात प्रिमोने तो पार्माच्या दुकानातून आणला होता. तेव्हापासून, लढाईची वर्षं सोडली तर, तो दर ऑगस्टला पेटीत बसून समुद्रावर येई आणि सप्टेंबरात कोरडाच घरी जाई. दोनदा कडेची शिवण उसवून रुंद झाला होता. ओला मात्र एकदाही झाला नव्हता.

"माउली, रागावू नकोस," एर्सीलिया मनात म्हणाली. "देवळात असल्या कपड्यात येऊ नये, कळतं मला. पण नंतर घरी जाऊन घालायचा म्हटलं तर दीर्चे बघेल. दीर्चेनं बघितलं की गुआल्तिएरोला कळेल. आणि गुआल्तिएरोला कळलं की संपलंच."

गुआल्तिएरो म्हणजे तिचा जावई, दीर्चेचा नवरा. पार्मात त्याचं औषधाचं दुकान होतं, आणि समुद्रावर आला की तो अख्ख्या घराच्या पचनाचा मालक होई. जेवणानंतर तीन तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हा कायदा काही त्याने केलेला नव्हता. त्या किनाऱ्यावरची प्रत्येक आई तो पाळायची आणि पाळायला लावायची. पण गुआल्तिएरोकडे साखळीचं घड्याळ होतं. ताटभर खाल्लं तरी तीन तास, घासभर खाल्लं तरी तीन तास. चव घेतली, तरी ते जेवणच. पोटातलं रक्त डोक्यात चढतं, डोक्यातलं पायात उतरतं, आणि माणूस दगडासारखा तळाला जातो.

त्याच्याआधी हे सगळं प्रिमो सांगायचा. आणि एर्सीलिया सकाळपासून चुलीशी. रस्सा चाख, सारणात मीठ बघ, पोरांच्या ताटातलं उरलंसुरलं तोंडात टाक. दर वेळी तिचे तीन तास पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. ते संपेपर्यंत ऊन उतरायचं, वारा गार व्हायचा, आणि रात्रीचा रस्सा चाखायची वेळ व्हायची. चाळीस उन्हाळे ती गुडघ्यापर्यंत समुद्रात गेली होती. गुडघ्याच्या वर तिला समुद्र माहीत नव्हता.

यंदा मात्र दीर्चेने जाहीर केलं होतं, "आई, सणाच्या तोर्तेल्ली मी करणार. तू बोटसुद्धा लावायचं नाहीस." आयुष्यात पहिल्यांदाच एर्सीलियाकडे चाखायला काही नव्हतं. सणाच्या आदल्या दिवसाचा उपवास तिने केला होता, तो आज सोडलाच नाही. सकाळच्या मिस्सा-प्रार्थनेत पवित्र भाकरी जिभेवर ठेवताना हेही खाणंच झालं का, अशी तिला शंका आली, पण मग तिने ठरवलं की प्रसाद काही पोटात जात नाही, तो वर जातो.

बेत सोपा होता. जेवणं झाली की सगळा किनारा तंबूंच्या सावलीत पचन करत आडवा होतो. समुद्रात चिटपाखरू नसतं. तेव्हा उठायचं आणि चालत जायचं. त्याआधी एकच गोष्ट करायची होती. सणाच्या दिवशी, मेल्लोनींच्या घरात, एकही घास न खाता जेवणावरून उठायचं.

त्यापेक्षा पोहत कॉर्सिका बेटावर जाणं सोपं होतं.

*

दीर्चेने कोपरापर्यंत हाताला पीठ चोळून घेतलं होतं. मेल्लोनींचा तंबू बान्यो दोरीना या भाड्याच्या तंबूंच्या स्नानकिनाऱ्यावर पहिल्या रांगेत होता, समोर थेट पाणी. त्यात लांब टेबल मांडलं होतं आणि टेबलाच्या मधोमध तिचं आव्हानासारखं तसराळं: पालेभाजी आणि ताज्या रिकोटा चीजचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली, वर वितळलेलं लोणी.

"झकास झाल्यात," तिचा भाऊ ओरेस्ते तोंड भरलेलं असताना म्हणाला. पार्मात त्याचं हॅमचं दुकान होतं, वय चाळिशीपार, आणि लग्न अजून व्हायचं होतं. "या वेळी एकही फुटली नाही."

"म्हणजे? माझ्या नेहमी फुटतात?"

"फुटतात असं नाही. मोकळ्या होतात."

"तू लग्न का केलं नाहीस ते आज कळलं मला."

"आज? मला वाटलं, गेल्याच वर्षी कळलं होतं."

गुआल्तिएरोने घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं. "बोला कमी, चावा जास्त. शेवटचा घास ज्याचा उशिरा, त्याचे तीन तास उशिरा. निवेस, ऐकतेस ना?"

"ऐकत्येय, पप्पा," निवेस म्हणाली. ती त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. "मी तर जेवले की पाइनच्या झाडीत सायकल फिरवते. पाण्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही."

"शहाणी माझी बाय."

दीर्चेचं लक्ष आईकडे होतं. एर्सीलियाने काट्याने एक तोर्तेल्ली उचलली, मधोमध कापली, आत बघितलं, आणि ती परत मिटवून ताटाच्या कडेला सारली.

"आजी," निवेस म्हणाली, "तू खात का नाहीयेस?"

"भूक नाही."

टेबलावरचे सगळे काटे थांबले. हे दोन शब्द त्या घरात आजवर कुणी उच्चारले नव्हते. प्रिमोला माती दिली त्या दिवशीसुद्धा एर्सीलियाने दोनदा सूप मागून घेतलं होतं, त्याला आवडलं असतं म्हणून.

"भूक नाही म्हणजे?" ओरेस्तेने विचारलं.

"म्हणजे नाही."

गुआल्तिएरो उठला. "आई, जीभ दाखवा बघू."

"जावईबापू, माझी जीभ बाहेर काढायला लावू नका. ती एकदा निघाली की आत जात नाही."

"मग नाडी तरी."

"नाडी आहे. सकाळीच देवळात ऐकली."

"आज सण आहे, आई!" दीर्चे म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "उपवास काल होता! सणाला न जेवणं हे पाप आहे, डोन चेल्सोंना विचार!"

"डोन चेल्सो गात होते. त्यात जेवणाचं काही नव्हतं."

टरबूज कापलं गेलं, ताटं एकात एक गेली, गुआल्तिएरोने "सुटले तीन तास!" म्हणून घड्याळ मिटलं आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन तो आडवा झाला. रांगेमागून रांग, अख्खा किनारा आडवा झाला. बान्योचा जीवरक्षकही होडीच्या सावलीत झोपला. या वेळात बुडायला कुणी जातच नसे.

एर्सीलिया उठायच्या बेतात होती, तेवढ्यात दीर्चे तिच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. हातात ताट होतं.

"तुला कळलं ना?" ती कुजबुजली.

"काय?"

"आई, आता उगीच. तू कापून आत बघितलंस."

एर्सीलियाने पाण्याकडे बघितलं. आत्ता उठून जाता आलं असतं. पण लेकीचा चेहरा तसाच झाला होता, जसा तिच्या लहानपणी अंथरूण ओलं झालं की व्हायचा.

"दुकानातल्या आहेत," दीर्चे म्हणाली. "स्टेशनामागच्या. मी चार दिवस करून बघितल्या, सगळ्या फुटल्या. रात्री पुरून टाकल्या, वाळूत."

"वाळूत?"

"काय करू मग? घरात टाकल्या असत्या तर तुला वास आला असता."

"दीर्चे, तुझ्या हाताला कोपरापर्यंत पीठ आहे आणि नखं स्वच्छ आहेत. मला सकाळीच कळलं होतं."

"मग माफ केलंस?"

"केलं."

"मग एक खा."

एर्सीलियाने ताट हळूच मागे सारलं. "माफ केलं म्हणून खाल्लंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

"आपल्या घरात लिहिलंय!" दीर्चे म्हणाली, आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून तिने टेबलावरचा रुमाल लावला.

*

ओरेस्ते मागच्या दोरीला टेकून उभा होता. रडत आलेल्या बहिणीला त्याने बाजूला घेतलं. गेले दोन उन्हाळे ही भावंडं बापाच्या पियानोवरून एकमेकांशी धड बोलत नव्हती. पण आईने जेवण टाकलं म्हटल्यावर पियानो कुठल्या कुठे गेला.

"माझ्यावर रागावलीये ती," दीर्चे म्हणाली.

"तुझ्यावर नाही. माझ्यावर."

"तू काय केलंस?"

"सांगतो. पण तू ओरडणार नाहीस."

"ओरडत नाही."

"मी तंबू सोडला."

"काय?" दीर्चे ओरडली. तीन तंबूंमधून वर्तमानपत्रं हलली.

पहिल्या रांगेतला तंबू पैशाने मिळत नाही. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे येतो. मागच्या रांगांतली घरं वर्षानुवर्षं नजर लावून बसलेली असतात, कुणाचं तरी निधन होण्याची वाट बघत. मोदेनाचा दातांचा एक डॉक्टर तिसऱ्या रांगेतून मेल्लोनींच्या आजारपणांची इतक्या मायेने चौकशी करायचा की प्रिमो त्याला बघून मुद्दाम जोरात शिंकायचा. त्याच माणसासाठी ओरेस्तेने बान्योच्या मालकाला शब्द दिला होता.

"डोंगरात एक बाई आहे," तो म्हणाला. "आर्मीदा. मधाचा धंदा करते. तिला वाळू सहन होत नाही. आणि खरं सांगू दीर्चे? मलाही होत नाही. जन्मापासून माझ्या प्रत्येक पावात वाळू."

"हे तू आईला सांगितलंस?"

"मालकानं सांगितलं असणार. नाहीतर ती उपाशी का राहील?"

"जा. आत्ता जा आणि पाय धर."

ओरेस्ते रिकाम्या हाताने जाणाऱ्यांतला नव्हता. त्याने बर्फातून हॅम काढला, आपल्या सुरीने पलीकडचं दिसेल इतका पातळ काप काढला, टरबुजाशेजारच्या गोड खरबुजाच्या फोडीवर पांघरला आणि आईपुढे गुडघ्यावर बसला. एर्सीलिया तेव्हा खुर्चीच्या कडेपर्यंत सरकली होती. आणखी थोडं आणि ती उठली असती.

त्याने सगळं सांगितलं. मालक, दातवाला, आर्मीदा, मध.

एर्सीलियाला मालकाने काहीच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे पुढच्या वर्षी समुद्र नाही," ती म्हणाली.

"तुझे गुडघे दुखतात, आई. डोंगराची हवा कोरडी असते. आणि तुला काय फरक पडतो? चाळीस वर्षांत पाण्यात गेलीस कधी? तू तर खुर्चीतच असतेस. खुर्ची डोंगरातही मिळते."

हे तो मायेनेच बोलला. म्हणूनच ते नेमकं लागलं.

"हे बघ," ओरेस्ते म्हणाला. "तू अशी उपाशी बसलेली मला बघवत नाही. हा एक काप खा. खाल्लास ना, तर आत्ता जाऊन मालकाला सांगतो, शब्द परत घेतो. आर्मीदा वाळूत बसायला शिकेल. शपथ घेतो, बाबांची."

हॅमचा वास एर्सीलियाच्या नाकातून सरळ पोटात गेला. कालपासूनचं रिकामं पोट कुत्र्यासारखं उठून उभं राहिलं. तिने समोर बघितलं. पाणी असं सपाट निळं पडलं होतं, जणू डोन चेल्सोंनी शेवटचा सूर लावून ठेवला आहे आणि लोकांनी उचलून घ्यायची वाट बघत आहेत. काप खाल्ला तर पुढचे सगळे उन्हाळे. पण पुढच्या उन्हाळ्यांत दीर्चे तोर्तेल्ली करणार नव्हती, हे आता पक्कं होतं. पुन्हा चूल, पुन्हा चाखणं, पुन्हा गुडघे. नाही खाल्ला तर एकच दुपार, हीच, आणि नंतर डोंगर आणि मध.

तिने हात पुढे केला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला, आणि वाकताना काळ्या झग्याचा गळा जरासा सरकला.

*

निवेसने तो निळा पट्टा बघितला.

ती सायकल काढायला निघाली होती, एक पाय पॅडलवर. पट्टा बघितला, आजीची नजर कुठे आहे ते बघितलं, न शिवलेलं ताट आठवलं, आणि क्षणात सगळं जुळलं. आई आणि मामा आपापल्या पापाचं ओझं घेऊन आजीच्या तोंडाशी घास धरत होते. त्या दोघांना माफी हवी होती. आजीला फक्त समुद्र हवा होता.

आता निवेसने गप्प बसायचं ठरवलं असतं, तर तिला कुणी दोष दिला नसता. कारण तोंड उघडलं तर तिची सायकल गेली, दुपार गेली, आणि बहुधा पुढची दोन वर्षं गेली. तिने सायकल वाळूत आडवी केली.

"पप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "मी रोज जेवल्या जेवल्या पोहते."

वर्तमानपत्राखालून आवाज आला. "कोण?"

"मी. झाडीत नाही जात. धक्क्याच्या पलीकडे जाते आणि सरळ उडी मारते. परवा लासान्या खाऊन. दोनदा वाढून घेतलं होतं."

गुआल्तिएरो उठून बसला. बातम्यांची शाई त्याच्या नाकावर उमटली होती. "अशक्य."

"का?"

"कारण तू जिवंत आहेस!"

"तेच तर सांगतेय."

"थांबा," एर्सीलिया म्हणाली. हॅमचा काप तिच्या बोटांत लोंबत होता. "निवेस, इकडे बघ. देवाशपथ सांग. पोट भरलेलं असलं तरी... काही होत नाही?"

"ढेकर येतो, आजी. खारट."

"एवढंच?"

"एवढंच."

एर्सीलियाच्या चेहऱ्यावरून काहीतरी लांबलचक सरकत गेलं: चाळीस उन्हाळे, लाकडी चमचे, प्रिमोचं वर केलेलं बोट. दीर्चेला वाटलं, आता ती रडणार. ओरेस्तेला वाटलं, आता ती कुणाला तरी मारणार, आणि तो थोडा मागे सरला.

एर्सीलिया हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "प्रिमो!" ती वर बघून म्हणाली. "ऐकलंस का रे, गाढवा? खारट ढेकर!"

मग तिने हॅमचा काप तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

"आई!" गुआल्तिएरो म्हणाला.

"ओरेस्ते, खाल्ला. आता ऊठ, मालकाकडे जा. आणि त्या मधवालीला म्हणावं, तंबूत खाली सतरंजी घालू. वाळू लागणार नाही."

"जातो, आई."

"दीर्चे, त्या दुकानातल्या आण इकडे." तिने एक तोर्तेल्ली अख्खी खाल्ली. दुसरी खाल्ली. "मीठ जरा कमी आहे. पण पारी पातळ लाटलीये. पुढच्या वर्षीही यांच्याकडूनच आण. पुरायचा त्रास नको."

दीर्चे हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं.

आणि मग, लोण्याची बोटं रुमालाला पुसून, एर्सीलिया मेल्लोनीने काळ्या झग्याची बटणं सोडली, झगा खुर्चीवर नीट घडी घालून ठेवला, आणि निळा लोकरीचा पोशाख तंबूच्या सावलीतून पहिल्यांदा उन्हात आला.

*

सबंध किनारा उठून बसला. आयांनी पोरांच्या डोळ्यांवर हात धरले, हे दृश्य भयंकर होतं म्हणून नव्हे, तर पोरं शिकतील म्हणून. मोदेनाचा दातवाला तिसऱ्या रांगेत टाचा उंच करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या मागे आशा.

"आई, पोटातलं रक्त!" गुआल्तिएरो घड्याळ हातात घेऊन पाण्याच्या रेषेवर नाचत होता. "डोक्यात चढेल!"

"चढू दे. बघून येऊ दे वरचं."

पाणी गुडघ्याशी आलं. तिथे ती थांबली. हा तिच्या ओळखीच्या समुद्राचा शेवट होता. निवेसने हात पुढे केला, तो तिने धरला, आणि पुढचं पाऊल टाकलं. लोकर फुगली, जड झाली, मग पाणी कमरेवर चढलं आणि ती चुलीपुढची कंबर, जी सकाळपासून ठणकत होती, एकाएकी कुणीतरी काढून घेतल्यासारखी गेली. एर्सीलिया "हं?" म्हणाली, कुणी नवी बातमी सांगितल्यासारखी. मग निवेसने सांगितलं तशी मान मागे टाकली. पाय वाळूवरून सुटले.

ती तरंगली. हाडामांसाची, दोन तोर्तेल्ली आणि हॅमच्या एका कापासकट. कानात पाणी होतं म्हणून स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता, पण ती गात होती, सकाळचीच ओळ, पिसासारखी, लेकरांनो, पिसासारखी, सूर थोडा चुकवत.

किनाऱ्यावरून गुआल्तिएरोला दिसलं ते एवढंच, की सासू आडवी झाली आहे आणि तोंडातून आवाज येतो आहे. त्याने पुढचा विचार केलाच नाही. सणाची पांढरी विजार, मोजे, जोडे, सगळ्यासकट तो धावत आत शिरला, पाणी उडवत तिच्यापर्यंत पोचला आणि तिचं मनगट पकडून नाडी मोजायला लागला.

"काय म्हणते?" एर्सीलियाने एक डोळा उघडला.

"बोलू नका, मोजतोय... चांगली आहे." तो चक्रावला. "फारच चांगली आहे."

"गुआल्तिएरो!" काठावरून दीर्चेची किंकाळी आली. "तू तीनदा वाढून घेतलं होतंस! तुझ्या पोटात सगळं तसंच आहे!"

गुआल्तिएरोने खाली बघितलं. पाणी छातीपर्यंत होतं. विजार फुगून दोन्ही बाजूंना पालासारखी उभी राहिली होती. साखळीचं घड्याळ मुठीत, मूठ पाण्यात. त्याने ते वर काढलं, कानाशी नेलं, हलवलं.

"किती वाजले, जावईबापू?"

"बंद पडलं."

"बरं झालं. आता माझा हात सोडा. नाहीतर तुम्हीही पडा असे."

तो तिथेच उभा राहून स्वतःच्या मरणाची वाट बघत होता. ते आलं नाही. आला तो एक ढेकर, खारट.

त्याने एक पाय वाळूवरून उचलला. मग, सगळ्या रांगा श्वास रोखून बघत असताना, दुसरा.